खाऱ्या हवेतला फिरता डिझेल पंप

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, आडिवरे असा जैतापूरपर्यंत जाणारा सागरी मार्ग आणि वरच्या अंगाला लांजा-राजापूरचा सडा, म्हणजे उंचावरचा जांभ्या कातळाचा माळ, एवढ्या टापूत मी गेले चौदा महिने डिझेलचा बाउझर चालवत आहे. सहा हजार लिटरची टाकी आणि तिच्या मागच्या बाजूस कपाटात बसवलेला पंप, मीटर, होजची रीळ व नोझल असे हे वाहन ग्राहकाच्या आवारात जाऊन जनरेटरमध्ये, पोकलेनमध्ये किंवा चिरेखाणीवरच्या यंत्रात मोजून डिझेल भरते. हा व्यवसाय सुरू करण्याच्या विचारात असलेल्या तिघा-चौघांनी माझ्याकडे या गाडीची चौकशी केली, आणि प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून गेले, म्हणून हा आढावा सविस्तर लिहीत आहे. बांधणी करणाऱ्या कारखान्याचे नाव मी देत नाही. पुढे ज्या उणिवा सांगितल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा एका कारखान्याच्या नाहीत. ही गाडी कोणत्या मुलखासाठी कल्पिली गेली, यातून त्या आल्या आहेत.

घरपोच डिझेलचा पहिला प्रायोगिक उपक्रम इंडियन ऑइलने मार्च २०१८ मध्ये पुण्यात सुरू केला. त्यानंतर आलेल्या गाड्यांची बांधणी पाहिली, की औद्योगिक वसाहतीतले सपाट काँक्रीट, रुंद फाटक, दिवसभर टिकणारी मोबाईलची रेंज आणि वर्षाचे आठ महिने कोरडी हवा या चारही गोष्टी बनवणाऱ्याने गृहीत धरल्या आहेत, हे जाणवते. आमच्याकडे या चारांपैकी एकही मिळत नाही. त्यामुळे माझ्या आढाव्यातला प्रश्न हे यंत्र चांगले की वाईट असा नाही. यंत्र चांगलेच आहे. चढ-उतार, पाऊस आणि समुद्राची हवा यांत ते लिटरला लिटर आणि डिझेलला डिझेल देते का, एवढेच मी तपासत आलो.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझा मूळ धंदा जनरेटर दुरुस्तीचा. वीस वर्षांहून अधिक काळ मी हॉटेले, इस्पितळे, बर्फाचे कारखाने आणि आंबा कॅनिंगचे कारखाने यांची डिझेल इंजिने उघडत आलो, आणि निकामी झालेल्या इंजेक्टरमागे बहुतेक वेळा एकच कारण सापडले: कॅनमधून आलेले, पाणी आणि गाळ मिसळलेले डिझेल. दुचाकीवर दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कॅन बांधून, मग कापलेल्या बाटलीच्या नरसाळ्याने ते ओतण्याची पद्धत कोकणात अजूनही सर्रास आहे. जुनी इंजिने हा जाच सहन करत. १ जुलै २०२३ पासून जनरेटरसाठी प्रदूषणाचे नवे कडक निकष लागू झाले, आणि तेव्हापासून येणाऱ्या अनेक इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल पद्धत असते, जिच्यात डिझेल हजार बारच्या वरच्या दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. तिथे पाण्याचा थेंबही महागात पडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर उत्तर रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरची कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती, तेव्हा मिळेल त्या भांड्यातून आणलेल्या डिझेलने बिघडलेली जनरेटर मी पाहिली, आणि स्वच्छ डिझेल दारात पोहोचवण्याचा विचार तेव्हापासून मनात घर करून राहिला.

प्रथम मापाविषयी सांगतो, कारण ग्राहकाचा पहिला संशय तिथेच असतो. गाडीवरचे मीटर हे विस्थापन पद्धतीचे आहे, म्हणजे ठरावीक आकारमानाचे कप्पे भरून रिकामे होतात आणि त्यांची मोजणी इलेक्ट्रॉनिक पडद्यावर लिटरमध्ये उमटते. वजनमापे खात्याचा वार्षिक शिक्का आणि सील त्याला आवश्यक असते. पाच लिटरच्या प्रमाणित मापात २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते. माझ्या मीटरची तफावत सपाट जागेवर पाचव्या महिन्यापर्यंत कधीही १० मिलिलिटरच्या पलीकडे गेली नाही, आणि मी हे माप दर सोमवारी सकाळी ग्राहक समोर असताना घेतो. या बाबतीत बनवणाऱ्याला पूर्ण गुण दिले पाहिजेत. पडदा उन्हातही वाचता येतो, पावती जागेवर छापून निघते, आणि नोझल आपोआप बंद होण्याची क्रिया इतकी नेमकी आहे की चौदा महिन्यांत जनरेटरच्या टाकीवरून डिझेल सांडल्याचा प्रसंग एकदाही आला नाही.

सपाट जागेवर, असे मी म्हटले, ते जाणीवपूर्वक. टाकीतले डिझेल ओढून घेणारी नळी टाकीच्या मागच्या टोकाला, तळाच्या खोलगट भागात बसवलेली आहे. सड्यावरून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर अनेक आवारांत गाडीचे तोंड उताराकडेच राहते, मागे वळवायला जागा नसते, आणि मग टाकीतले डिझेल पुढच्या बाजूस जमते. पहिल्याच महिन्यात पूर्णगडच्या खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत डिप पट्टी, म्हणजे टाकीत बुडवून पातळी मोजण्याची पट्टी, टाकीत तीनशे लिटर शिल्लक दाखवत होती आणि पंप मात्र हवा ओढत होता. हवा मीटरमधून गेली तर मीटर तीही मोजते, आणि ती किंमत ग्राहकाच्या पावतीवर चढते. ही हवा वेगळी काढणारा विभाजक गाडीत आहे आणि तो काम करतो, परंतु तो अधूनमधून येणारे बुडबुडे काढण्यासाठी आहे, सतत येणारी हवा काढण्यासाठी नाही. त्या दिवशी पडद्यावरचा आकडा पुढे सरकत असताना होजमधला दाब पडलेला हाताला जाणवला, म्हणून मी भरणे थांबवले, ती पावती रद्द केली आणि गाडी सपाटीवर नेऊन नव्याने मोजून दिले. नवख्या चालकाच्या हे लक्षात आले नसते, आणि ग्राहकाच्या तर नाहीच.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. उतारावर आठशे लिटरच्या खाली टाकी असताना भरणे करायचे नाही, आणि डिप नेहमी सपाट जागी, गाडी दहा मिनिटे उभी राहिल्यावरच घ्यायची. डिपचा तक्ता टाकी समतल आहे असे धरून बनवलेला असतो, त्यामुळे उतारावर घेतलेली नोंद ही नोंदच नव्हे. गाडी विकत घेताना खोलगट भाग टाकीच्या मध्यावर मागून घेता येतो का, हे अवश्य विचारावे. बांधणीपूर्वी सांगितल्यास काही कारखाने तो तसा करून देतात. मी विचारले नव्हते, कारण असा प्रश्न पडावा असे कोणी सांगितलेच नव्हते.

मापाशी निगडित आणखी एक गोष्ट व्यवसायाच्या सुरुवातीलाच समजून घ्यावी. डिझेल उष्णतेने प्रसरण पावते. दर अंशाला हजार लिटरमागे सुमारे ०.८ लिटर. सहा हजार लिटरच्या टाकीत सकाळ-दुपारच्या दहा अंशांच्या फरकाने जवळपास ५० लिटरांचा हिशेब इकडचा तिकडे होतो. पहिल्या आठवड्यात ही तफावत पाहून मालकाचा संशय चालकावर जातो आणि चालकाचा मीटरवर. तापमान आणि घनता रोज सकाळी लिहिली, तर हा गैरसमज टळतो. घनतामापी आणि तापमापक गाडीसोबत मिळतात, मोजलेली घनता १५ अंश तापमानाला किती भरेल हे काढण्याचा तक्ताही मिळतो, आणि आवकेच्या पावतीवरील घनतेशी प्रति घनमीटर ३ किलोपेक्षा अधिक फरक पडल्यास तो माल विकू नये हा दंडक आहे. ग्राहकाने मागितल्यास त्याच्यासमोर घनता मोजून दाखवावी. माझ्याकडे खाणवाल्यांपैकी कुणी हे सहसा मागत नाही. इस्पितळाचे आणि कॅनिंग कारखान्याचे देखभाल अधिकारी मात्र आवर्जून मागतात, आणि मला त्यांच्याकडे जायला अधिक आवडते.

आता पाण्याविषयी. कोकणात हा व्यवसाय टिकेल की बुडेल हे याच एका गोष्टीवर ठरते असे माझे मत झाले आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

टाकी श्वास घेते. डिझेल बाहेर गेले की तेवढी हवा झडपेतून आत येते, आणि किनाऱ्यावरची हवा कधीच कोरडी नसते. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतले बाष्प टाकीच्या आतल्या भिंतीवर दवासारखे साचते आणि ओघळून तळाशी जाते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी ठेवणे म्हणजे पाणी साठवण्यासारखेच आहे. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या पातळीवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा काळपट, शेवाळी थर तयार होतो, आणि तोच थर जनरेटरच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो. दुरुस्तीच्या दिवसांत असे फिल्टर मी शेकड्यांनी काढले आहेत. म्हणून मी रोज सकाळी, पहिला ग्राहक घेण्यापूर्वी, तळाची तोटी उघडून काचेच्या बरणीत एक लिटर काढतो आणि डिप पट्टीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून पाहतो. ऑक्टोबर ते मे या काळात पेस्टचा रंग क्वचितच बदलला. जूनमध्ये तो जवळजवळ रोज बदलत होता, आणि ते नुसत्या बाष्पाने होण्यासारखे नव्हते.

कारण सापडायला बारा दिवस लागले. टाकीच्या माथ्यावरच्या मेनहोलच्या झाकणाला जे रबरी गॅस्केट होते, ते उन्हाने आणि खाऱ्या हवेने आठ महिन्यांत कडक झाले होते. शिवाय झाकणाभोवतीच्या पत्र्याला जी कडा होती तिच्यात पावसाचे पाणी थाळीसारखे साचत असे, कारण ते वाहून जाण्यासाठी ठेवलेले छिद्र बोटाच्या नखाएवढे होते आणि फणसाच्या एका पानाने ते बुजले होते. पठारावरच्या पावसात ही रचना बहुधा निभावून जाते. इथे आषाढात एका दुपारी जितका पाऊस पडतो, तितका सहन करण्यासाठी ती बनवलेली नाही. कारखान्याला कळवल्यावर त्यांनी प्रथम उत्तर दिले की झाकण नीट बंद केले जात नसावे. मी छायाचित्रे आणि रोजच्या पेस्टच्या नोंदी पाठवल्या, तेव्हा त्यांनी डिझेलला टिकणाऱ्या वेगळ्या रबराचे गॅस्केट आणि रुंद निचरा असलेली कडा पाठवून दिली, पण त्यात एकवीस दिवस गेले. त्या एकवीस दिवसांत मी टाकी दोनदा पूर्ण रिकामी करून पुसून घेतली आणि सुमारे चारशे लिटर डिझेल विक्रीतून काढून टाकले. ते नुकसान माझे होते. ते कोणाच्याही इंजिनात गेले नाही, याचे मला समाधान आहे.

नोझलच्या आधी पाणी शोषणारा फिल्टर बसवून घेणे हा कारखान्याच्या यादीत जादा किमतीचा पर्याय आहे. कोकणासाठी तो पर्याय मानू नये. हा फिल्टर पाणी लागताच फुगतो आणि प्रवाह मंदावतो. चालकाला ती अडचण वाटते, परंतु खरे तर तीच धोक्याची खूण असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारे बीएस-६ डिझेल गंधकाच्या बाबतीत फार शुद्ध आहे, दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा जास्त गंधक त्यात नसते, आणि तेवढ्यामुळे काही ग्राहक समजतात की नव्या डिझेलला फिल्टरची गरज उरली नाही. गंधक कमी होण्याचा आणि पाणी शिरण्याचा काहीही संबंध नाही.

खाऱ्या हवेने लोखंड खाल्ले जाते हे सांगायला नको, पण कुठे खाल्ले जाते ते सांगितले पाहिजे. टाकीला स्वतःला काही झाले नाही. तिचा रंग उत्तम दर्जाचा आहे. खराब झाली ती कपाटाची बिजागरे, होजच्या रिळाची स्प्रिंग, आणि सर्वांत आधी विजेच्या जोडण्या. तांब्याच्या तारांच्या टोकांवर हिरवा थर चढून अकराव्या महिन्यात मीटरला संदेश देणारा भाग अधूनमधून बंद पडू लागला. जोडण्यांवर ग्रीस आणि बंद प्रकारचे कनेक्टर असते तर हे टळले असते. भूजोडणीची चिमटी, जिच्यामुळे डिझेल वाहताना निर्माण होणारी स्थिर वीज जमिनीत जाते, तिच्या जबड्यावरही गंज चढतो आणि मग ती लावलेली दिसते पण वीज वाहून नेत नाही. ती दर आठवड्याला घासून मल्टिमीटरने तपासावी. गाडी रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणे हा खर्च नाही, देखभालच आहे. बंदरावर गेलेल्या दिवशी तर चाकांच्या वरचा भाग आणि चेसिसही धुवावे.

सहा हजार लिटर डिझेल म्हणजे जवळपास पाच टन वजन. भरलेली टाकी त्रास देत नाही, निम्मी टाकी देते, कारण वळणावर आतले द्रव एका अंगाला झेपावते. टाकीत आडवे पडदे आहेत, त्यामुळे ब्रेक मारताना पुढे येणारा हेलकावा पुष्कळ कमी होतो. आडव्या हेलकाव्याला मात्र चालकाचा संयम हाच उपाय. माझ्या चालकाला धोकादायक मालाच्या वाहतुकीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण देऊन परवान्यावर तशी नोंद करून घेतली आहे, आणि ती कायद्यानेच आवश्यक आहे. रुंदीची अडचण वेगळी. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाडीच्या रस्त्यांत ही गाडी शिरतच नाही, आणि साठ फुटांची होज असूनही पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खालच्या घरांपर्यंत पोहोचता येत नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर माझ्यासारख्या टापूसाठी मी लहान टाकी निवडेन आणि फेऱ्या वाढवेन.

या गाडीतला सर्वांत त्रासदायक भाग मला संगणकीय कुलूप हा वाटला. कल्पना उत्तम आहे: गाडी कुठे आहे हे उपग्रहाद्वारे कळते, ग्राहकाच्या ठरलेल्या जागीच नोझल उघडते, आणि ग्राहकाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय भरणे सुरू होत नाही. त्यामुळे चोरीला आणि भेसळीला जवळपास वाव राहत नाही, मालकाला घरबसल्या प्रत्येक लिटरचा हिशेब मिळतो, आणि तेल कंपनीचाही विश्वास बसतो. पण आडिवऱ्यापासून खाली किनाऱ्याकडे उतरलो की अनेक ठिकाणी रेंज जाते, ओटीपी येत नाही, आणि भरलेली गाडी ग्राहकाच्या जनरेटरसमोर कुलूपबंद उभी राहते. पावसाळ्यातल्या एका रात्री एका लहान इस्पितळाला तातडीने डिझेल हवे होते आणि चालकाला ओटीपीसाठी दुचाकीवर बसून सड्यावर जावे लागले. त्यात पंचवीस मिनिटे गेली. जनरेटरच्या टाकीत तोवर पुरेल इतके डिझेल होते, म्हणून निभावले. आधीच मंजूर केलेल्या ग्राहकांसाठी रेंजशिवाय चालणारी सोय कारखान्याने आता दिली आहे, परंतु ती मागितल्यावर दिली. आधीपासून ती सर्व गाड्यांत असायला हवी होती.

ग्राहकांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण कोकणात डिझेलचा धंदा म्हटले की प्रत्येक जण प्रथम बंदराकडे पाहतो. मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै इथल्या नौकांना लागणारे डिझेल प्रचंड आहे, हे खरे. पण यांत्रिकी नौकांना राज्य शासनाकडून डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो, आणि तो मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत, मंजूर कोट्यातल्या डिझेलवर मिळतो. संस्थेचा पंप सोडून माझ्याकडून डिझेल घेणे नौकामालकाला परवडणार नाही, आणि मी त्याला तसा आग्रहही करणार नाही. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांसाठीचा डिझेलचा दर किरकोळ दरापेक्षा लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी चढला होता, तेव्हा घाऊक दराने माल घेणाऱ्या संस्थांच्या पंपांची किती कोंडी झाली हे किनाऱ्यावर सर्वांना आठवते. तो काळ अपवादाचा होता. त्यावर धंद्याची आखणी करता येत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस मासेमारी बंदच असते.

माझे खरे ग्राहक सड्यावर निघाले. चिरेखाणी, रस्त्याच्या कामावरची यंत्रे, कॅनिंग कारखाने, हॉटेले, इस्पितळे. यांपैकी खाणी आणि रस्त्याची कामे पावसात थंडावतात, आणि नेमकी तेव्हाच वीज जास्त जाते म्हणून जनरेटरची मागणी वाढते. या दोन मागण्या एकमेकींची जागा पूर्ण भरून काढत नाहीत. जून ते सप्टेंबर माझी विक्री उन्हाळ्याच्या निम्म्यावर होती.

पैशाचे गणित मी उघडपणे मांडतो. डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर एका भरण्याला ५ लाख ४० हजार रुपये लागतात आणि ते आगाऊ द्यावे लागतात. लिटरमागे हातात येणारा पैसा दोन-अडीच रुपयांच्या घरातला, म्हणजे गाडीतले पूर्ण डिझेल विकल्यावर १२ ते १५ हजार रुपये. त्यातून चालकाचा आणि मदतनिसाचा पगार, गाडीचे स्वतःचे डिझेल, हप्ता, विमा आणि देखभाल. आता समजा एका ठेकेदाराने गाडीभर डिझेलचे पैसे पंचेचाळीस दिवस थकवले, आणि तुमचे भांडवल वर्षाला १२ टक्के व्याजाचे आहे. तर निव्वळ व्याज सुमारे ८ हजार रुपये होते. निम्म्याहून अधिक मिळकत तिथेच संपली. पोहोच आकार वेगळा लावला तर थोडा आधार मिळतो, आणि तो पावतीवर डिझेलच्या दरापासून निराळा दाखवावा, म्हणजे पंपाच्या दराशी तुलना करणाऱ्या ग्राहकाच्या मनात किंतू राहत नाही. उधारीच्या बाबतीत मी नातेवाइकांनाही अपवाद केला नाही. गावात त्यावरून बोलणी ऐकावी लागली, पण गाडीचा हप्ता मात्र कधी चुकला नाही.

परवान्यांविषयी मोजकेच. स्फोटके आणि पेट्रोलियमची परवानगी देणारी केंद्रीय यंत्रणा ‘पेसो’, जिचे मुख्यालय नागपूरला आहे, तिची गाडीच्या बांधणीला आणि वापराला मंजुरी लागते. तेल कंपनीशी करार लागतो. वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. गाडी विकणारा हे सर्व ‘करून देतो’ म्हणतो, तरी प्रत्येक कागद स्वतः वाचावा. एक गैरसमज मात्र मुद्दाम दूर करतो. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलसारख्या ‘ब’ वर्गातल्या इंधनाचा २,५०० लिटरपर्यंतचा साठा, कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसल्यास, परवान्याशिवाय ठेवता येतो. ही सवलत साठवणुकीपुरती आहे, विक्रीसाठी नाही. पिंपे आणि हातपंप घेऊन ‘छोट्या प्रमाणावर सुरुवात’ करण्याचा सल्ला अनेकांना दिला जातो. तो बेकायदा आहे, आणि ज्या कॅनच्या डिझेलमुळे इंजिने बिघडतात त्याच वाटेवर परत नेणारा आहे.

विक्रीपश्चात सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. दूरध्वनीवर तंत्रज्ञ लगेच भेटतो, नम्रपणे बोलतो आणि त्याला यंत्राची उत्तम माहिती आहे. प्रत्यक्ष माणूस मात्र घाटावरून येतो, आणि पावसात घाट बंद झाला की येत नाही. अकराव्या महिन्यातला मीटरचा बिघाड मी स्वतः दुरुस्त करू शकलो असतो, पण सील तोडण्याचा अधिकार मला नाही, आणि असूही नये. त्यामुळे चार दिवस गाडी उभी राहिली. दुरुस्तीनंतर वजनमापे खात्याकडून पुन्हा तपासणी आणि नवे सील, त्यात आणखी दोन दिवस गेले. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सुट्या भागांचे एक कपाट ठेवले, तर ही तक्रार उरणार नाही, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मी आज काय करेन ते लिहितो. कारखान्याच्या आवारात ती उतारावर, तोंड खाली करून उभी करायला लावेन, टाकीत फक्त पाचशे लिटर ठेवायला सांगेन आणि पाच लिटरच्या मापात सलग दहा वेळा भरून पाहीन. मेनहोलवर होजने अर्धा तास पाणी सोडेन आणि नंतर पेस्ट लावून डिप घेईन. मोबाईलची रेंज बंद करून नोझल उघडते का ते पाहीन. या तीन परीक्षांत गाडी उतरली, तर बाकी सर्व बाबतींत ती विश्वासाने घ्यावी. माप खरे आहे, पंप दमदार आहे, आणि बदललेल्या गॅस्केटने यंदाचा परतीचा पाऊस थेंबही आत न घेता काढला. काल सकाळच्या बरणीत तळापर्यंत स्वच्छ, फिकट पिवळे डिझेल होते.